फी कशाची?

छिंदवाड्याच्या प्रकरणापासून इंदूरच्या आमच्या नातेवाइकांत दोन तट पडलेत. 2025 च्या पावसाळ्याअखेर तिथं कोल्ड्रिफ हे खोकल्याचं औषध घेतलेली वीसहून जास्त मुलं मूत्रपिंडं निकामी होऊन गेली. तामिळनाडू सरकारच्या तपासणीत त्यात 48.6 टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला अटक झाली. रामबागेतली आत्या म्हणते, ‘तुमचं हॉलंडच बरं, पोरांना उगाच काही पाजत नाहीत.’ तिचा मुलगा म्हणतो, ‘पण तिथं डॉक्टर भेटतो कुठं?’

इथं हॉलंडात, आइंडहोवनला, पोराला ताप आला की आधी फोन करायचा. दवाखान्यातली सहायिका विचारते: पाणी पितो का, लघवी होते का, अंगावर पुरळ आहे का? उत्तरं ठीक वाटली तर पॅरासिटामॉल द्या नि वाट बघा. थेट बालरोगतज्ज्ञाकडे जाता येत नाही, भागातल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. अठरा वर्षांखालच्यांना विम्याचा हप्ताही नाही, त्यामुळे भांडायला तोंड राहत नाही. सुट्टीहून परतताना बॅगेत अँटिबायोटिक भरून आणणारी मंडळी माझ्या ओळखीत आहेत. सुशिक्षित, अर्थातच.

औषध देत नाहीत याबद्दल माझी तक्रार नाही. बहुतेक सर्दी-खोकला विषाणूंचा असतो, त्यावर अँटिबायोटिक चालतच नाही. पण लेकीचा कान रात्रभर ठणकल्यावर सकाळी कुणीतरी त्या कानात डोकावून बघावं, एवढी अपेक्षा जास्त आहे का?

इंदूरला ते होतं. संध्याकाळी नंबर लावा, डॉक्टर घसा बघतात, छाती तपासतात. मग चिठ्ठीवर चार औषधं उतरतात, कारण नाही लिहिली तर आपणच पुढच्या गल्लीतला डॉक्टर गाठतो. हीच आत्या पूर्वी एकदा कुरकुरली होती, ‘काही दिलंच नाही, मग पैसे कशाचे घेतले?’ बाटलीतलं विष डॉक्टरला दिसणार नव्हतं. तो गुन्हा कारखान्याचा, आणि त्याच्यावर नजर ठेवायची ज्यांची नोकरी होती त्यांचा. पण क्लोरफेनिरामाइन-फिनाइलएफ्रिन या सर्दीवरच्या औषधांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरातच बजावलं होतं. कोल्ड्रिफमध्ये ही दोन्ही होती.

आतेभावाला मी फोनवर म्हटलं, ‘दादा, डॉक्टरांनी नीट तपासून “औषध नको, दोन दिवस बघू” म्हटलं, तर फी आनंदाने दे. आणि त्या दोन दिवसांत काय दिसलं तर धावत यायचं, ते विचारून घे.’

तो म्हणाला, ‘मी देईन रे. पण घरी येईपर्यंत आईने मेडिकलवरून बाटली आणलेली असेल.’