‘एखादा हिटलरच पाहिजे’ म्हणणाऱ्यांसाठी

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून वाद पेटला आणि एकाने लिहिलं, ‘या लोकांना सरळ करायला एखादा हिटलरच पाहिजे.’ खाली अकरा अंगठे. रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या, चांगल्या माणसांचे. दिवसभर डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहिते.

सहा वर्षांपूर्वी लेकीकडे पोलंडला, वॉर्साला गेले होते. तिथे एका फुटपाथमध्ये बसवलेली लोखंडी पट्टी दिसली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘घेट्टोची भिंत, १९४०-१९४३’. माझा पाच वर्षांचा नातू त्या पट्टीवर तोल सांभाळत चालायला लागला. मग इकडे उडी, तिकडे उडी. मी त्याचा हात एवढ्या जोरात ओढला की तो रडायलाच लागला.

जिथे तो उड्या मारत होता तिथे तीन मीटर उंच भिंत होती. हिटलरच्या जर्मनीने पोलंड घेतल्यावर ज्यूंना एका वस्तीत कोंडलं, तेच हे घेट्टो. आत चार लाखांवर ज्यू, जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरात. त्याच्यापेक्षा थोडीच मोठी पोरं भिंतीखालच्या भोकांतून सरपटत बाहेर जायची, घरच्यांसाठी पाव-बटाटे आणायची. सापडली तर गोळी. २२ जुलै १९४२ ला गाड्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांत अडीच लाखांवर माणसं ट्रेब्लिंकाच्या छावणीत नेली. मारायला! यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातली सुमारे दोनशे मुलंही गेली आणि कोर्चाक त्यांना सोडून मागे राहिले नाहीत. त्याच मुलांनी काही दिवसांपूर्वी टागोरांचं ‘डाकघर’ बसवलं होतं. आपल्या टागोरांचं.

शिस्त, शिस्त काय करता? मुलं मोजून मालडब्यात भरली, ही ती शिस्त.

पट्टीच्या पलीकडचे पोलिश लोक तरी कुठे सुटले? नोव्हेंबर १९३९ मध्ये क्राकूवच्या प्राध्यापकांना व्याख्यान आहे म्हणून बोलावलं आणि तिथूनच उचलून छळछावणीत धाडलं. ज्यूंना आसरा दिला तर मरण. मार्कोवा गावात उल्मा नवरा-बायकोने आठ ज्यू लपवले होते. मार्च १९४४ मध्ये त्या आठांना मारलं, मग त्या दोघांना, मग त्यांच्या सहा मुलांना. बाई गरोदर होती. त्याच वर्षी पोलिश लोकांनी केलेल्या उठावानंतर जर्मनांनी वॉर्सा तर घरामागून घर जाळत, सुरुंग लावत संपवलं.

हो, पोलंडमधल्याच येद्वाब्ने गावात पोलिश शेजाऱ्यांनीच ज्यूंना कोठारात कोंडून जाळलं, तेही खरं. म्हणून हिटलरचं पाप कमी होत नाही.

लिहिणाऱ्याच्या मनात एवढं काही नसणार, हेही कळतं मला. कडक मास्तरांना आम्हीही शाळेत हिटलर म्हणायचो. ती पट्टी बघेपर्यंत मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

नातू आता अकरा वर्षांचा आहे. आजी उगाच चिडली होती, एवढंच त्याच्या लक्षात राहिलंय. पुढच्या खेपेला त्याला त्याच जागी घेऊन जाणार आहे आणि सगळं सांगणार आहे.

ग्रुपवरचा मेसेज अजून तिथेच आहे. आता चौदा अंगठे झालेत. कृपा करून काढा तो.