मंकची ती सहा वर्षं रिकामी नव्हती
जॅझ पियानोवादक थेलोनियस मंकवरचा लेख आवडला, पण त्याची १९५१ ते ५७ ही वर्षं 'वाया गेली' हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. पोलिसांनी कॅबरे कार्ड, म्हणजे क्लबांत वाजवायचा परवाना, काढून घेतल्यामुळे न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायची बंदी होती, खरंय. पण रेकॉर्डिंग चालूच होतं की! 'ब्रिलियंट कॉर्नर्स' या अल्बमचं रेकॉर्डिंग १९५६ मधलंच. त्याच नावाची त्यातली शीर्षकरचना इतकी अवघड, की पंचवीस टेक घेऊनही एकही सलग जमला नाही. शेवटी तुकडे जोडावे लागले. आणि साथीला सॅक्सोफोनवर सॉनी रॉलिन्स, कुणी नवशिका नव्हे! त्या रचनेत लय मध्येच दुप्पट होते, तिथे मी अजूनही ठेका चुकतो. मग १९५७ मध्ये कार्ड परत मिळालं आणि न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबमध्ये सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनबरोबर वाजवणं सुरू झालं. त्याबद्दल लेखात जेमतेम एकच ओळ?