खुलासा: ग्रिलच्या आचेने ग्लूटेन नाहीसं होत नाही

‘गॅस ग्रिल दहा मिनिटं पूर्ण आचेवर ठेवली की ग्लूटेन जळून जातं, मग सिलिअॅकच्या रुग्णाला त्यावर काहीही भाजून द्या,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. सिलिअॅक हा असा आजार आहे, ज्यात ग्लूटेन पोटात गेलं की आतड्याला इजा होते. ग्लूटेन हे गहू, जव यांतलं प्रथिन आहे, जंतू नव्हे. आचेने ते निर्धोक होत नाही. ‘ग्लूटेन-फ्री’ लेबलसाठी भारतात किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे पावाचा कणभर चुराही नडू शकतो.

माझ्या भाचीला हा आजार आहे, म्हणून आमची जाळी उलटी करून पाहिली. सळयांच्या सांध्यांत काळा चुरा घट्ट बसलेला, तारेच्या ब्रशमध्येही तोच!

नवी ग्रिल घेताना बर्नर किती ते नंतर बघा. जाळी सुटी निघते का, दुसरी जाळी वेगळी मिळते का, हे आधी विचारा. ती जाळी, ब्रश आणि चिमटा फक्त सिलिअॅकच्या रुग्णासाठी ठेवा. जुन्याच ग्रिलवर भागवायचं तर जाड, अखंड फॉइल अंथरा आणि त्याचं पनीर सगळ्यांच्या आधी भाजा. मॅरिनेशनही तपासा: साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो, डबीतल्या हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ.