टाकी धुणार, पाणी बरा

'उद्या टाकी धुणार आहे' एवढं सोसायटीच्या ग्रुपवर कळवणं सोपं आहे असं ज्याला वाटतं, त्याला पुढच्या वर्षी सेक्रेटरी करावं. घोडबंदर रोडला पाणी हा आधीच हळवा विषय. शटडाऊन, टँकर, कमी दाब. त्यात आपल्या मेसेजची भर नको, म्हणून माझी पद्धत सांगून ठेवतो.

रोमन लिपीत मराठी लिहू नका. ही खोड एसएमएसच्या काळातली. तेव्हा एका एसएमएसमध्ये इंग्रजी अक्षरं १६० मावायची; देवनागरी म्हटलं की मर्यादा थेट ७०. त्यातही 'स्त्री' हा एवढासा शब्द सहा जागा अडवायचा, कारण स, हलन्त, त, हलन्त, र आणि वेलांटी हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. पैसे वाचवायला धरलेली रोमन लिपी, मेसेज फुकट झाले तरी सुटली नाही. मग 'बी-ए-आर-ए' हे कुणी 'बारा' वाचतो, कुणी 'बरा'. 'पाणी बरा येईल' यावर 'म्हणजे आतापर्यंत वाईट येत होतं?' असा प्रश्न आलाच म्हणून समजा. 'एम-ए-एल-ए' तर त्याहून घातक. वॉचमनला 'माळा साफ करून दे' म्हणायचं असतं आणि तिसऱ्या मजल्यावर वाचतात, 'मला साफ करून दे'.

बरं, देवनागरीत आलात की पुढचं संकट म्हणजे 'ऱ्या'. सोसायटीचा सगळा संसार या एका अक्षरावर उभा आहे हे नोटीस लिहायला बसल्याशिवाय कळत नाही: पायऱ्या, कचऱ्याचे डबे, शेजाऱ्यांची गाडी, कर्मचाऱ्यांचा बोनस. र, हलन्त, य असं सरळ दाबलं की र टुणकन उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. 'पूजेच्या जेवणासाठी आचाऱ्यांना सांगितले आहे' याचं 'आचार्यांना' होतं आणि दक्षिणा किती द्यायची यावर चर्चा सुरू. त्यासाठी पायात टिंब असलेला ऱ हवा. संगणकावर इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी असेल तर शिफ्ट धरून इंग्रजी जे. मोबाईलवर र दाबून धरा, बहुधा त्याच्याच मागे लपलेला असतो. मग हलन्त, मग य.

आता मजकूर. 'उद्या' हा शब्द वर्ज्य. रात्री पावणेबाराला पाठवलेला 'उद्या' लोक सकाळी सातला वाचतात आणि त्यांचा उद्या परवावर जातो. वार, तारीख, वेळ, विंग हे पहिल्याच ओळीत, कारण फोन न उघडता वर दिसतं तेवढंच वाचलं जातं. 'गुरुवार १२ तारीख, बी विंग, सकाळी ९ ते दुपारी १२ पाणी बंद.' आकडे आकड्यांतच. खाली दुसरी ओळ: टाकी धुतल्यावर पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी येतं, तेवढ्यात वॉशिंग मशीन लावू नये, फिल्टर बंद ठेवावा.

या 'नये'साठी मराठीचे उपकार मानले पाहिजेत. 'बाल्कनीतून पाणी ओतू नये' या वाक्यात कर्ताच नाही, तरी सगळ्या विंगला तो माहीत असतो. शेवटी 'ही नम्र विनंती' जोडलं की समजावं, सेक्रेटरीची सहनशक्ती संपली. 'याची नोंद घ्यावी' म्हणजे त्याच्याही पुढचं, दंडाच्या अलीकडचं स्टेशन.

चूक राहिलीच तर व्हॉट्सॲपवर दुरुस्तीला पंधरा मिनिटं मिळतात. ती कीबोर्डवर ऱ शोधण्यात जातात. मेसेज पुसायला मात्र दोन दिवसांहून जास्त सवलत आहे, पण पुसू नका. पुसल्याची खूण मागे राहते आणि टाकीपेक्षा 'काय लिहिलं होतं हो?' यात लोकांना जास्त रस असतो.

उत्तरांचाही अभ्यास लागतो. अंगठा म्हणजे वाचलं, किंवा न वाचताच मिटवलं. नुसतं 'बरं' म्हणजे राग आहे. 'बरंऽऽ' म्हणजे पुढच्या मीटिंगमध्ये बघतो. जोडलेले हात सर्वांत गूढ. आभार, माफी, श्रद्धांजली आणि 'आता पुरे करा' या चारही गोष्टींना तेच हात चालतात, आणि वरती कुणाच्या आजीच्या निधनाची बातमी असेल तर टाकीला आलेले कुठले आणि आजीला आलेले कुठले, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

एवढं करूनही मी गेटवरच्या फळ्यावर वॉचमनला खडूने लिहायला लावतोच: 'आज १२ पर्यंत पाणी नाही.' फळ्यावर 'आज' चालतं, संध्याकाळी पुसलं की काम झालं. फक्त त्या फळ्याचा फोटो काढून कुणी ग्रुपवर टाकत नाही ना, एवढं बघावं लागतं. शुक्रवारी सकाळी तो फॉरवर्ड होऊन परत येतो आणि बी विंग पुन्हा बादल्या भरायला घेते.