‘उरकून टाकू’वाले पाहुणे

“एका दिवसात दोन नॅशनल पार्क उरकून टाकू.” हे वाक्य माझ्या स्वयंपाकघरात पुन्हा कुणी उच्चारलं तर मी लाटणं फेकून मारणार आहे. उरकायला ती काय धुणीभांडी आहेत?

अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरला आल्यापासून दर उन्हाळ्यात आमच्याकडे पाहुणे. येऊ देत, मला माणसांचं वावडं नाही. यंदा नवऱ्याचे मामा-मामी, त्यांचा मुलगा आणि सून पुण्याहून आले. मामांच्या खिशात बघायच्या जागांची यादी तयार: रॉकी माउंटन, मेसा व्हर्दे, ग्रेट सँड ड्यून्स, ब्लॅक कॅन्यन, डायनोसॉर. दिवस किती? चार. नकाशा उघडून दाखवला. कोलोरॅडो आपल्या महाराष्ट्राहून थोडंच लहान आहे, मेसा व्हर्दे इथून गाडीने जवळजवळ सात तास. मामा म्हणाले, “अगं, तुमच्याकडचे रस्ते चांगले असतात ना!” रस्ता चांगला असला म्हणून नागपूर काय खडकीला येतं?

रॉकी माउंटनचं सांगते. उन्हाळ्यात तिथे वेळ ठरवून आत सोडतात. पुढच्या महिन्याचं बुकिंग पहिल्या तारखेला सकाळी आठला उघडतं आणि आतल्या बेअर लेक तळ्याकडच्या सकाळच्या वेळा तत्काळ तिकिटासारख्या डोळ्यांदेखत उडतात. एका लॅपटॉपवर नवरा, दुसऱ्यावर मी. मिळाली एकदाची, सात ते नऊ. म्हणजे नऊच्या आत गेटमधून आत. पार्कच्या दाराशी असलेलं एस्टेस पार्क गाव गाठायलाच दीड तास, म्हणून सहाला निघायचं. आदल्या रात्री तीनतीनदा सांगितलं. दशम्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, सगळं रात्रीच डब्यात भरून ठेवलं.

सहाला मामा अंघोळीला गेले. मग पूजा. देव पुण्यात राहिलेत, म्हणून फोनमधल्या फोटोची पूजा. मग मामी: “गरम पोहे खाऊनच निघू, उपाशीपोटी घाट नको.” पोहे कुणी केले? मीच. सूनबाईंना केस वाळवायचे होते. आठला गाडी हलली. गेटवर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. तिथल्या रेंजरबाईंनी शांतपणे वेळ दाखवली आणि गाडी वळवायला लावली. त्यांची चूक शून्य. पण मामा भडकले: “डोंगराला कसली आलीय वेळ?” सिंहगडाच्या पायथ्याला रविवारी रांगेत बसून उपद्रव शुल्क भरणारा माणूस हे बोलतो!

बेअर लेक हुकलं. दुसऱ्या रस्त्याला दुपारी दोननंतर बुकिंग लागत नाही, म्हणून तोवर एस्टेस पार्कच्या दुकानांतून हिंडलो आणि मग ट्रेल रिज रोडला लागलो. जुलैत, भर दुपारी. वर उघड्या माथ्यावर दुपारच्या विजा होतात म्हणून शहाणी माणसं ज्या वेळेला खाली उतरतात, नेमके तेव्हा आम्ही वर. आणि उंची तरी केवढी! आमचं डेन्व्हरच ५,२८० फुटांवर, कळसूबाईच्या जवळपास. तो रस्ता १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. दोन कळसूबाई एकीवर एक ठेवल्या तरी पुरत नाहीत. पाणी प्या, पाणी प्या म्हणून माझाच घसा कोरडा पडला. “सारखं उतरावं लागेल” म्हणत मामांनी घोटभर घेतलं नाही आणि वर गेल्यावर डोकं धरून बसले. चिरंजीव तोवर पायवाट सोडून टुंड्रावर उताणे, फोटोसाठी. ती बोटभर उंचीची झाडं वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने वाढतात, तुडवली तर सावरायला कित्येक दशकं घेतात. तशी पाटी आहे. पाटीला याने जॅकेट अडकवलं होतं. आणि एल्कपासून, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांपासून, ७५ फूट लांब राहायचं असतं, तर सूनबाई केळं घेऊन निघाली. केळं!

हेही सगळं मी गिळलं असतं. सँड क्रीकचं गिळवत नाही.

तिथे न्यायचं मीच ठरवलं होतं, कारण मामा इतिहासाचे म्हणून घरात नावाजलेले. वाटेत आधी सँता फे ट्रेल या जुन्या व्यापारी मार्गावरचा बेंट्स ओल्ड फोर्ट. १८३३ मधली मातीच्या विटांची व्यापारी गढी, १९७६ साली पुन्हा उभारलेली. मामा दारातूनच, “हा किल्ला? आमच्या राजगडाचा एक बुरूज याहून मोठा.” अहो, गढी आहे ती! मिसूरीहून गाड्या घेऊन निघालेले व्यापारी तिथे टेकायचे, तिथले मूळनिवासी शायान लोक बायसनची कातडी विकायला यायचे. राजगडाशी शर्यत कुणी लावलीय?

मग कच्च्या रस्त्याने सँड क्रीक. २९ नोव्हेंबर १८६४ च्या पहाटे अमेरिकेच्या कर्नल चिव्हिंग्टनच्या सैनिकांनी तिथल्या शायान आणि अरापाहो छावणीवर हल्ला केला. शायानांचा नायक ब्लॅक केटल याने आपल्या तंबूवर अमेरिकेचा झेंडा लावलेला होता. तरी सुमारे २३० माणसं मारली, बहुतेक बायका, मुलं, म्हातारे. ज्याची गढी आम्ही सकाळी पाहिली त्या विल्यम बेंटची, शायान बायकोपासूनची मुलंही त्याच छावणीत होती. आज तिथे गवत, ओढ्याकाठची झाडं आणि वारा.

मामा म्हणाले, “गवत दाखवायला एवढं लांब आणलंस? इथे पॉइंट कुठला?” मुलगा हसला आणि त्याचं रील केलं.

जालियनवाला बागेत, गोळ्यांच्या खुणा असलेल्या भिंतीपाशी डोळे पुसतानाचा ह्याच मामांचा फोटो आमच्या ग्रुपवर आहे. मी काही बोलले नाही. सासरचं माणूस, त्यातून मोठं. नवरा म्हणाला, “जाऊ दे गं.” तीन तास गाडी चालवत घरी आले आणि रात्री भांडी घासली, एकेक आपटून.

पुढच्या जुलैत नवऱ्याचा चुलतभाऊ येतोय, सहकुटुंब. यादी आलीसुद्धा. त्यात यलोस्टोन आहे, पुढे लिहिलंय “डेन्व्हरच्या बाजूलाच ना वहिनी?” मी कळवून टाकलंय: रॉकी माउंटनला पहाटे पाचच्या आत गेटमधून गेलं तर बुकिंग लागत नाही, तेव्हा गाडी तीनला सुटेल. पोहे मिळणार नाहीत. ज्याची अंघोळ राहील त्याने घरी थांबावं, सिंकमध्ये भांडी आहेत.