धुक्यात विमानाला हेडलाइट दाखवायला जाऊ नका

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर फिरणारा एक मेसेज आता आमच्या मावशीपर्यंत पोचलाय. मुलगा दिल्लीहून येणार, त्यामुळे ती धास्तावली आहे. मेसेज म्हणतो: धावपट्टीचा एक दिवा गेला की सगळी माळ जाते, विमानतळवाले ते लपवून विमानं उतरवत राहतात, तशीही विमानं आता कॉम्प्युटरच उतरवतो, आणि म्हणून कुसुंब्याकडच्या पोरांनी धुक्यात विमानाचा आवाज आला की बोलेरो, ट्रॅक्टर कुंपणाकडे वळवून हेडलाइट लावावेत.

शेवटचं आधी घेतो, कारण त्याने माणसं मरतील. कॅट 1 पद्धतीत (कमी दृश्यमानतेत यंत्रांच्या मदतीने उतरण्याची सगळ्यात साधी पायरी; कॅट 2 आणि 3 त्याहून दाट धुक्यासाठी) पायलट साधारण 200 फुटांवर निर्णय घेतो: दिवे दिसले तर उतरायचं, नाही तर पुन्हा वर. तिथून चाकं टेकायला जेमतेम 15 सेकंद उरतात. तेवढ्यात त्याला एक ठरलेली आकृती ओळखायची असते: समोर अप्रोच लाइट्सची, म्हणजे धावपट्टीच्या अलीकडे लावलेल्या दिव्यांची रांग, तिला आडवी पट्टी, मग धावपट्टीच्या तोंडाशी हिरवे दिवे आणि दोन्ही कडांना पांढरे. कुंपणापाशी पाच-सहा हेडलाइट ओळीने लागले तर धुक्यात त्यांचा पांढरा भपका होतो आणि तीच कड वाटू शकते. विमान तिकडे झुकलं तर सावरायला उंचीच नसते. वैमानिकाची दिशाभूल होईल असा दिवा लावायला विमान नियमांत मनाई आहे, ती याचसाठी.

आणि मदतीची गरजच नाही. घिरट्या घालणारं विमान अडकलेलं नसतं. पर्यायी विमानतळ गाठून वर 30 मिनिटं उडता येईल एवढं इंधन त्यात असतं. रात्री कडेचे दिवे बंद असतील तर तिथे उतरायचंच नाही, दुसरीकडे जायचं.

आता माळ. हे दिवे एकाच सर्किटवर ओळीने जोडलेले असतात, एवढं खरं. पण प्रत्येक दिव्याला स्वतःचा आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर असतो, तो दिव्याला मुख्य सर्किटपासून वेगळा ठेवतो. बल्ब गेला तरी ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीतून, म्हणजे सर्किटकडच्या गुंडाळीतून, करंट पुढे जातो आणि रेग्युलेटर, म्हणजे करंट सांभाळणारं यंत्र, तो ठरलेल्या पातळीवर, पूर्ण प्रकाशाला 6.6 अँपिअरवर, धरून ठेवतो. केबल तुटली किंवा रेग्युलेटर ट्रिप झाला तर मात्र सर्किट जातं. म्हणूनच महत्त्वाच्या रांगा दोन सर्किटांवर आलटून-पालटून विभागतात: एक गेलं तर एकाआड एक दिवा जळत राहतो, धावपट्टीचा आकार कळतो.

‘लपवून उतरवतात’ यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागतं. काही दिवे बंद असतानाही विमानं उतरतात. पण किती, हे इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट 14, खंड 1, प्रकरण 10 मध्ये छापलेलं आहे. कॅट 2-3 साठी मध्यरेषा, कडा, तोंडाचे दिवे आणि धावपट्टीलगतच्या 450 मीटरमधले अप्रोच लाइट्स यांतले 95 टक्के चालू हवेत, टचडाउन झोनचे, म्हणजे चाकं टेकण्याच्या पट्ट्यातले, 90 टक्के, धावपट्टीच्या शेवटच्या टोकाचे 75 टक्के. 3000 मीटर धावपट्टीवर 15 मीटरला एक असे मध्यरेषेचे सुमारे 200 दिवे. त्यातले 10 बंद चालतील, पण शेजारचे दोन बंद चालणार नाहीत, कारण सलग खिंडार पडलं की रेषा तुटते. शिवाय ठरलेल्या तीव्रतेच्या 50 टक्क्यांखाली गेलेला दिवा जळत असला तरी बंदच धरतात. टेकताना घासलेल्या टायरचं रबर जमिनीतल्या दिव्यांच्या काचांवर बसतं, म्हणून तिथे सेन्सरची गाडी फिरवून प्रकाश मोजतात आणि काचा धुतात. मर्यादा ओलांडली की नोटॅम, म्हणजे वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना, निघतो, धावपट्टी कॅट 3 वरून खालच्या पायरीवर आणतात आणि जास्त दृश्यमानता असल्याशिवाय उतरू देत नाहीत. उशीर होतो तो यामुळेही.

कॉम्प्युटरचं म्हणाल तर ऑटोलँड, म्हणजे विमान आपोआप उतरवणारी यंत्रणा, आहे, दिल्लीत दाट धुक्यात वापरतात. तरी कॅट 2 मध्ये निर्णयाच्या उंचीपर्यंत, म्हणजे 100 फुटांपर्यंत, दिवे दिसावेच लागतात. उतरल्यावर टॅक्सीवेची (धावपट्टीवरून बाहेर नेणाऱ्या रस्त्याची) हिरवी रांग आणि ‘थांबा’ सांगणारे लाल स्टॉप बार पायलटलाच डोळ्यांनी बघायचे असतात. म्हणून दिव्यांची वीजही सांभाळतात: वीज गेली तर कॅट 1 ला दिवे परत यायला 15 सेकंद लागले तरी चालतात, पण कॅट 2-3 ला मध्यरेषा 1 सेकंदात परत उजळावी लागते. बंद जनरेटर सुरू होऊन भार घ्यायला त्याहून जास्त वेळ लागतो, म्हणून बऱ्याच ठिकाणी धुकं दाटण्याआधीच दिवे जनरेटरवर घेतात आणि मुख्य लाइन राखीव ठेवतात.