पोट्ट्यांसाठी कुत्रा आणता काहून?

पोरगं जबाबदारी शिकेल म्हणून लॅब्राडॉर आणून देतात अन् आईबाप मोकळे, डोकं फिरतं माझं. आमच्या धरमपेठेत दर उन्हाळ्यात हेच. मे मधे नागपूरचा पारा 45 ला टेकलेला, पोट्टं कूलरसमोर मोबाईल घेऊन लोळतंय अन् कुत्रा गच्चीवर बांधलेला, पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत, जीभ पार बाहेर. अरे त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच अंग थंड करतो तो! अन् फिरवायला नेणार भर दुपारी, तापलेल्या डांबरावर, पंजे भाजतात ना त्याचे. लॅब 10-12 वर्षं जगतो, तोवर पोट्टं पुण्याला इंजिनिअरिंगला. लस, खाणं, फिरवणं शेवटी तुमच्याचकडे येणार, जमत नसेल तर आणूच नका ना बाप्पा!